रोहिणी नदी आणि आमच्या वस्तीचे बोअरिंग

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागले की नदीनाका येतो. कामवारी नदीवरचा पूल ओलांडला की आमचे शेलार. आता गाव म्हणायचे ते नावापुरतेच. यंत्रमागाचे कारखाने, सायझिंग, डाईंग, गोदामे आणि मधल्या जागेत चाळी. दिवसरात्र मागांचा खडखडाट चालू. पाहुणे आले की त्यांना झोप लागत नाही, आणि आम्ही कुठे पाहुणे गेलो की शांततेने आम्हाला झोप लागत नाही.

मी लग्न होऊन १९८८ साली या गावात आले. आमचे हे मागावर कामाला होते. त्या वेळी सासूबाई मला गोधड्या धुवायला कामवारीवर घेऊन जायच्या. पुढे पुढे नदीला रंग येऊ लागला. कधी लालसर, कधी काळपट. मग वास येऊ लागला. मग आम्ही जायचे सोडले. नदी घराजवळ आणि पाणी मात्र टाकीतून, टँकरमधून नाहीतर बोअरिंगमधून, अशी आमची तऱ्हा झाली.

आपल्या पत्रात दुसऱ्यांनी आपल्यावर केलेल्या अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि ते लिहिलेच पाहिजे. पण आज मी जे लिहिणार आहे ते माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल आहे. वाचक बंधू-भगिनींनी समजून घ्यावे.

आमच्या वस्तीत विहाराच्या मागे एक बोअरिंग आहे. वर्गणी काढून मारलेले. त्यावर मोटार बसवली, लहानशी खोली बांधली, आणि महिला मंडळाने किल्ली माझ्याकडे दिली. पाणी चांगले होते. आमच्या वस्तीच्या एका बाजूला भाड्याच्या खोल्यांची चाळ आहे. तिथे उत्तर प्रदेशातून मागावर काम करायला आलेली माणसे राहतात, मुसलमानही आणि हिंदूही. खालच्या अंगाला वीटभट्ट्या. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे तिथे येतात, पाऊस पडायच्या आत परत जातात. ही सगळी मंडळी आमच्या बोअरिंगवर पाणी भरायची. कोणी कोणाला अडवत नव्हते.

२६ जुलै २००५ च्या महापुरात कामवारी वर चढून आली, तेव्हा तर आम्ही सगळे एकाच छपराखाली होतो. मागाच्या एका मुसलमान मालकाने कारखान्याचा वरचा मजला उघडून दिला. आमच्या बायकांनी खिचडी शिजवली, चाळीतल्या बायकांनी रोट्या केल्या. त्या रात्री कोणी कोणाची जात विचारली नाही.

पाणी जास्त झाले तेव्हा आम्ही एक झालो. पाणी कमी झाले तेव्हा काय केले, ते आता सांगते.

२०१६ चा उन्हाळा आठवतो का? दोन वर्षे पाऊस कमी पडला होता. उल्हास नदीवर अवलंबून असलेल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात पाणीकपात चालू होती. आमच्याकडे टँकरचा भरवसा राहिला नाही. मे महिन्यात बोअरिंग जेमतेम तासभर चालायचे, मग मोटार नुसती हवा ओढायची. वस्तीत बैठक झाली. ठरले की आधी आपल्या माणसांचे भरायचे, उरले तर इतरांना. मीही मान हलवली. खोलीला कुलूप लावले.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवरची एक कातकरी मुलगी हंडा घेऊन आली. दहा-अकरा वर्षांची असेल. माझी धाकटी मुलगी तिच्याहून थोडी मोठी. ती मुलगी म्हणाली, "बाय, एक हंडा दे ना." आमच्या बायकांची रांग होती. मी तिला म्हटले, "तिकडे बाजूला उभी राहा. आमचं होऊ दे. हंडा नळाखाली लावू नको, मी ओतते." ती बाजूला उभी राहिली. अर्ध्या तासाने मी माझ्या बादलीतले पाणी वरून तिच्या हंड्यात ओतले. हंडा अर्धाच भरला. ती निघून गेली.

सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांना चहा दिला तर कप तसाच ठेवला. मी विचारले, "आत्या, बरं वाटत नाही का?" त्या म्हणाल्या, "बरी हाय मी. सकाळी तू पाणी वतलंस ना त्या पोरीला, तसंच आमाला वतायचे."

सासूबाईंचे माहेर शहापूर तालुक्यातले. लहानपणी त्या आईबरोबर गावच्या विहिरीपासून लांब उभ्या राहत. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. कधी हंडा भरायचा, कधी अर्धाच. ही गोष्ट त्यांनी मला लग्नानंतर कितीदा सांगितली होती. मी माझ्या मुलींना सांगितली होती. दरवर्षी २० मार्चला विहारात मुलांना महाडची हकीकत सांगणारी मीच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी तळे कागदावरच खुले राहिले. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढे दहा वर्षे कोर्टात खटला चालला आणि १९३७ साली हायकोर्टाने निकाल दिला. हे सगळे मला पाठ होते. आणि किल्ली हातात आल्यावर मी काय केले?

मी त्या मुलीला अस्पृश्य मानत नव्हते, हे खरे. टंचाई होती, हेही खरे. पण लांब उभे करणे आणि वरून ओतणे हे तर तेच होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

तरीही कुलूप निघाले नाही. वस्तीचा निर्णय होता, मी एकटी काय करणार, असे मी स्वतःला समजावले. आठ दिवसांनी चाळीतल्या दोन-तीन पोरांनी रात्री कुलूप तोडले. आमची पोरे धावली. मारामारी झाली. माझ्या पुतण्याच्या कपाळाला चार टाके पडले. तिकडच्या एका मुलाचा हात मोडला. १९७० आणि १९८४ च्या दंगली भिवंडीने पाहिल्या आहेत. त्यामुळे रात्री गर्दी जमली की इथल्या म्हाताऱ्या माणसांचे हातपाय गार पडतात. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी मध्ये पडून ते तेवढ्यावरच थांबवले. मग पाऊस आला आणि भांडण पाण्याबरोबर वाहून गेले. निदान आम्हाला तसे वाटले.

आषाढी पौर्णिमेपासून विहारात वर्षावास सुरू झाला. नेहमीप्रमाणे बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन लागले. वाचता वाचता रोहिणी नदीचा भाग आला.

आपल्या वाचकांना तो माहीत आहेच. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही जुनी कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांनी कारण दिले ते पाण्याच्या भांडणाचे. रोहिणी नदीच्या दोन बाजूंना शाक्य आणि कोलिय. दोघांची शेती त्याच पाण्यावर. पाणी आधी कोणी घ्यायचे आणि किती, यावरून दर हंगामात वाद. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना दोन्हीकडच्या नोकरांत मोठी मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघाची सभा बोलावून युद्धाचा ठराव मांडला.

सिद्धार्थाने विरोध केला. कुरापत आपल्याही लोकांनी काढली असेल तर आपणही निर्दोष नाही, असे तो भर सभेत म्हणाला. आणि त्याने उपाय सुचवला. आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा, आणि या पाच जणांनी वाद मिटवावा. सिद्धार्थाचा ठराव मताला टाकला गेला आणि मोठ्या बहुमताने पडला! बहुमत युद्धाच्या बाजूने गेले. सिद्धार्थाने बहुमतासमोर मान तुकवली नाही. घरच्यांना शिक्षा होऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या घेऊन देश सोडला.

कोलिय म्हणजे काही परके नव्हेत. महामाया आणि महाप्रजापती दोघी कोलियांच्याच लेकी. म्हणजे सिद्धार्थाचे ते आजोळ. मामाच्या गावावर चाल करून जायची, आणि तीही पाण्यासाठी!

वाचन थांबले तेव्हा सासूबाईंनी विचारले, "आपण कोण मग? शाक्य का कोलिय?" कोणी उत्तर दिले नाही. काही बायकांनी माझ्याकडे पाहिले. माझी नजर खाली गेली.

या कथेचा पुढचा भाग आपण फारसा लक्षात ठेवत नाही. सिद्धार्थ गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध चळवळ उभी राहिली. शेवटी दोन्हीकडचे पाच-पाच प्रतिनिधी बसले आणि रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक वाद सोडवण्यासाठी एक कायमचे लवाद मंडळ नेमायचे ठरले. त्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक. 'कायमचे' हा शब्द मला त्या दिवशी महत्त्वाचा वाटला. भांडण झाल्यावर मध्ये पडणारी माणसे आमच्याकडेही होती. पण भांडण व्हायच्या आधी एकत्र बसायची जागा आमच्याकडे नव्हती.

वर्षावास संपला, दिवाळी झाली, भट्ट्या पुन्हा लागल्या. त्या वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली होती. मागांना काम नव्हते, माणसे घरी बसून होती. डिसेंबरात आम्ही बायकांनीच पुढाकार घेतला. वस्तीतून दोन, चाळीतून दोन आणि भट्टीवरून दोन माणसे बोलावली. भट्टीवरच्या बाया यायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, "आमी काय बोलनार?" त्यांना आणायला सासूबाई काठी टेकत स्वतः गेल्या. सहा जणांनी मिळून सातवे निवडले ते गावातले एक निवृत्त गुरुजी, आगरी समाजाचे. त्यांचा कोणाशी वाकडेपणा नव्हता.

बैठक गोड झाली असे मी म्हणणार नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, वर्गणी आमची, बोअरिंग आमचे, मग वाटा कसला? चाळीतला एक जण म्हणाला, आम्ही भाडे भरतो, भीक मागत नाही. तेव्हा गुरुजींनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावच्या पाणी पंचायतीची माहिती सांगितली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे काम उभे केले. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने दिले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, आणि ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. पाणी पिणाऱ्या उसाला बंदी. गुरुजी म्हणाले, "जमिनीच्या खालचं पाणी कोणी वर्गणी काढून आणत नाही. आपण वर्गणी काढतो ती पाइपाची आणि मोटारीची."

मग नियम ठरले. पाणी घरामागे नाही, माणसामागे. टंचाईत माणशी दोन हंडे, बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल तर एक जास्त. काल जो शेवटी होता तो आज पहिला. रिक्षा, मोटारसायकल धुवायची नाही. विजेचे बिल आणि दुरुस्ती माणसांच्या संख्येवर वाटून घ्यायची. भट्टीच्या कुटुंबांना जमेल तसे, पण त्यांनीही काहीतरी द्यायचे, कारण फुकट मिळालेल्या पाण्यावर हक्क सांगता येत नाही असे त्यांच्यातलीच एक बाई म्हणाली. किल्ली एकेक आठवडा एकेकाकडे. हिशेबाची वही माझ्या धाकटीकडे, ती तेव्हा नववीत होती.

किल्ली पहिल्यांदा भट्टीवरच्या बाईकडे गेली त्या आठवड्यात आमच्या वस्तीत कुरकुर झाली. "किल्ली हरवली तर?" हरवली नाही. उलट आमच्याच आठवड्यात एका रात्री दोन ड्रम चोरून भरले गेले. भरणारा माझा सख्खा दीर निघाला. सात जणांनी त्याला दंड केला. घरात महिनाभर अबोला होता. पण दंड वसूल झाला, आणि तो वसूल झाल्यावरच चाळीतल्या माणसांचा या मंडळावर विश्वास बसला. २०१७ चा उन्हाळा भांडणाविना गेला. पाणी काही वाढले नव्हते. तासाभराचे पाणी तासाभराचेच होते.

सासूबाई २०१९ साली गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला चाळीतली माणसे आली. भट्ट्या पावसामुळे बंद होत्या, तरी दोन कातकरी बाया आपल्या पाड्यावरून एसटीने आल्या.

इथे लेख संपवला असता तर बरे वाटले असते. पण खरे ते सांगितले पाहिजे. गेली काही वर्षे त्या बोअरिंगचे पाणी बिघडले आहे. चव खारट-कडवट लागते, भांड्यात ठेवले तर पिवळट थर बसतो. पिण्यासाठी आम्ही जार विकत घेतो, बोअरिंगचे पाणी भांड्या-कपड्यांना. आजूबाजूला कारखाने आहेत, उघडी गटारे आहेत, नदीत सांडपाणी आणि जलपर्णी आहे. कोणाचे पाणी कुठून जमिनीत उतरले हे आम्ही कसे सांगणार? आमचे सात जण कुलपाचा न्याय करू शकतात. जमिनीखालून येणाऱ्या पाण्याला कुलूप लावता येत नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आले की आमचा रोहिणीचा धडा अर्धाच होता. आम्ही नळाजवळच्या शेजाऱ्यांना बसवले, पण नदीजवळचे शेजारी राहिले. कामवारी काही शेलारची एकट्याची नाही. वरच्या अंगाला आदिवासी पाडे आणि कुणबी-आगरी गावे, मध्ये आम्ही आणि कारखाने, मग भिवंडी शहर, पुढे खाडी आणि खाडीवर जाळे टाकणारा कोळी. वरचा जे सोडतो ते खालचा पितो. आम्ही स्वतः कोणाच्या तरी वरच्या अंगाला आहोत. आमच्या गटाराचे पाणी खाडीत कोणाच्या जाळ्यात जाते, हे आम्ही कधी विचारले होते का?

बाबासाहेबांनी हाच विचार देशाच्या पातळीवर केला होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज या विषयांचे काम त्यांच्याकडे होते. दामोदर नदीला १९४३ साली मोठा पूर आला. ही नदी बिहारमधून बंगालमध्ये जायची. वरच्या प्रांताने धरणाला जागा द्यायची आणि पूर खालच्या प्रांताचा टळायचा, मग वरच्याने का द्यावी? बाबासाहेबांच्या खात्याने दोन्ही प्रांतांना एका टेबलाशी बसवले आणि पूर, शेती, वीज, वाहतूक यांचा सगळ्या खोऱ्यासाठी एकत्र विचार केला. त्यातूनच पुढे १९४८ साली कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. या महामंडळामुळे सगळे प्रश्न सुटले असे नाही. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची दुःखे वेगळी आहेत. पण नदीचा विचार प्रांताच्या हद्दीवर तोडायचा नाही, ही गोष्ट तिथे ठरली.

आपल्या नाशिक जिल्ह्यातही उदाहरण आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास तिथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात शेवटाकडून झाली. मग वरच्या गावांनीही संस्था काढल्या, आणि अशा चोवीस संस्था मिळून सगळ्या प्रकल्पाचे पाणी वाटू लागल्या. ज्याला पाणी शेवटी मिळते, त्याला आधी बोलावले तर सगळ्यांचा हिशेब नीट लागतो.

तेव्हा माझी आपल्या वाचकांना, विशेषतः भिवंडी तालुक्यातल्या कुटुंबांना विनंती आहे. प्रत्येक वस्तीने दोन माणसे निवडावीत, त्यातली एक बाई असावी. कामवारीच्या काठी जी जी गावे, पाडे, मोहल्ले आहेत त्यांच्याकडेही दोन-दोन माणसे मागावीत. कारखानदारांनीही दोन पाठवावीत, त्यांना शत्रू समजून बाहेर ठेवू नये, कारण त्यांच्या मागावरच आमची चूल पेटते. मग सगळ्यांनी मिळून एक निःपक्षपाती माणूस निवडावा. पाणी तपासून घ्यावे, जे निघेल ते सर्वांसमोर वाचावे, मग ते आपल्या गटाराविरुद्ध निघाले तरी.

बहुमत आपल्या विरुद्ध जाईल याची भीती वाटते. जाईलही. सिद्धार्थाचा ठरावसुद्धा पडला होता. पण रोहिणीवर शेवटी तेच झाले जे त्याने सुचवले होते.

ती कातकरी मुलगी पुन्हा आमच्या भट्टीवर आली नाही. आता ती मोठी झाली असेल, कदाचित तिच्याही कडेवर लेकरू असेल. बोअरिंगची किल्ली माझ्या आठवड्याला माझ्याकडे येते, तेव्हा मी सकाळी सर्वांत आधी एवढेच बघते की लांब कोणी उभे नाही ना.

जय भीम.